टोपी, घुंगरू आणि उधारीची दोरी

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे आपल्याकडे मूल बोलायला लागलं की शिकवतात. मी बी.कॉम. झालो तेव्हा वडिलांनी पेढ्याबरोबर हीच म्हण माझ्या तोंडात घातली आणि पुढच्या दोन महिन्यांत मी बँकेच्या काऊंटरमागे जाऊन बसलो. तेव्हापासून हातचं म्हणून सोडलेलं नाही. पळत्याच्या पाठी लागायचं काम आमच्याकडे वसुली खातं करतं आणि पळत्याला ते पुरेपूर ठाऊक असतं.

पण या जगात निदान दीड-दोन हजार वर्षं असाही एक उद्योग चालू आहे, ज्याची सुरुवातच मुळी हातचं सोडण्यापासून होते. हातावर मोलाचा ससाणा बसवायचा, त्याला पळत्या सशाच्या किंवा उडत्या पाखराच्या मागे सोडायचं आणि आपण धापा टाकत दोघांच्या पाठी लागायचं. राजेरजवाडे, सुलतान, बादशहा, सगळे या नादाने वेडे झाले होते. त्यांतला एकही बी.कॉम. नव्हता, हे उघड आहे.

आता मी हा विषय का काढावा? ससाणा हातावर घेणं दूर राहो, खिडकीत कबुतर बसलं तरी मी सौ.ला हाक मारतो. पण माझा अधिकार वेगळा आहे. बँकेत नवा क्लार्क आला की त्याच्या गळ्यात पहिलं लोढणं बांधतात ते डेडस्टॉक रजिस्टरचं. खुर्च्या किती, पंखे किती, टेबलं किती. ‘स्टूल, लाकडी, नग एक’ अशी नोंद असते आणि दरवर्षी ते स्टूल खरंच आहे का ते बघून सही करायची असते, मग त्याचे पाय तीन का उरलेले असेनात. हे रजिस्टर वर्षानुवर्षं सांभाळलं की माणसाला एक सवय लागते. कुठल्याही धंद्यात तो माणसांकडे न बघता सामानाकडे बघतो. ससाण्यांच्या शिकारीवरची पुस्तकं मी अशीच वाचली. शिकार राहिली बाजूला, मी सामानाची यादी करत बसलो.

सुरुवातीला नावांचा घोटाळा मिटवून टाकतो. फारसीत आणि उर्दूत शिकारी पक्ष्याला ‘बाज’ म्हणतात. मराठी माणसाची बाज म्हणजे सुंभाने विणलेली आणि पाठ टेकायची. त्यामुळे फारसीत ‘बाजनामा’ नावाचे ग्रंथ आहेत असं सांगितलं, की आपल्याला वाटतं, दुपारच्या झोपेवर कुणीतरी शास्त्रोक्त लिहिलेलं दिसतंय. ‘बहिरी ससाणा’ हे नाव ऐकून लोक त्याच्या कानांविषयी हळहळतात. त्याचे कान ठणठणीत आहेत. ‘बहरी’ म्हणजे समुद्राकडचा. अरबी-फारसीतला ‘बहर’ म्हणजे समुद्र. आपण त्याला मराठीत घेतला आणि घेता घेता बहिरा केला. आणि हा सगळा मुसलमानी किंवा साहेबी शौक, असंही समजायचं कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला, त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘श्येनविनोद’ असं चक्क प्रकरण आहे. श्येन म्हणजे ससाणा. पुढे सोळाव्या शतकात कुमाऊँच्या रुद्रदेव राजाने तर ‘श्यैनिकशास्त्र’ म्हणून स्वतंत्र पोथीच लिहिली. शास्त्र म्हटलं की आपण मान डोलावतो. मग ते झडप घालण्याचं का असेना.

आता रजिस्टर उघडू.

नग पहिला : हातमोजा, चामडी. युरोपात ससाणा डाव्या हातावर घेतात, त्यामुळे मोजाही डाव्या हाताचाच, एकटा. जोडीतला दुसरा विकत घ्यावा लागत नाही. एवढाच काय तो या छंदातला काटकसरीचा भाग. कझाकस्तान आणि मंगोलियातले गरुडवाले मात्र उजव्या हातावर घेतात. त्यांचा पक्षी म्हणजे सोनेरी गरुड, मादी असली तर पाच-सहा किलोंची. एवढं वजन हात लांब करून घोड्यावरून मैलोगणती न्यायचं, म्हणून खोगिराला एक दुबेळकं लाकूड बसवतात आणि त्यावर मनगट टेकवतात. पाहणाऱ्याला वाटतं, काय रुबाब! रुबाब त्या लाकडाचा असतो. आमच्या मॅनेजरसाहेबांचा असाच बराचसा रुबाब मागे उभ्या असलेल्या शिपायाच्या आधारावर टेकलेला असतो.

नग दुसरा : टोपी. मराठीत ‘टोपी घालणे’ म्हणजे काय हे सांगायला नको. कर्ज खात्यातल्या प्रत्येकाला एकदा तरी ती घातलेली आहे. ससाण्याला मात्र ती खरोखरच घालतात. मऊ चामड्याची, डोळे झाकणारी, चोच तेवढी बाहेर ठेवणारी. या पक्ष्याचं सगळं जग डोळ्यांत असतं. दिसलं की तो बिथरतो, झेपावतो, फडफडतो. दिसायचं थांबलं की शांत बसतो. टोपीच्या मागे चामड्याच्या वाद्या असतात आणि त्या ओढून टोपी आवळायची. गंमत अशी की एका हातावर पक्षी, म्हणजे वाद्या ओढायला उरला एकच हात. मग दुसरी वादी दातांत धरतात. जरीचा अंगरखा घातलेले बादशहा आणि सरदार ससाण्याच्या डोक्यामागे तोंड नेऊन दातांनी वादी ओढताहेत, हे चित्र मला फार आवडलं. काही कामं हुद्दा बघत नाहीत.

ही टोपी युरोपात गेली ती अरबांकडून आणि नेणाऱ्यांत बडा गिऱ्हाईक होता सम्राट दुसरा फ्रेडरिक. हा मोठा नामी माणूस. पोपने १२२७ साली त्याला धर्मबहिष्कृत केलं. तरी हा धर्मयुद्धावर गेला आणि १२२९ साली तलवार न उपसता, इजिप्तच्या सुलतानाशी तह करून जेरुसलेम पदरात पाडून घेतलं. अरबांचे ससाणे आणि ससाणेवाले बघून तो हरखून गेला. पक्ष्यांकरवी करायच्या शिकारीवर त्याने लॅटिनमध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला आणि टोपी ही पूर्वेकडच्या लोकांची युक्ती आहे, असं त्यात स्वच्छ नमूद केलं. सम्राट असून उसनवारी कबूल केली, हे मला विशेष वाटतं. त्याआधी पक्षी शांत ठेवायला काय करत? त्याच्या पापण्यांना सुईदोऱ्याने टाके घालत आणि तो माणसाळला की ते हळूहळू उसवत. तेव्हा टोपी दिसायला कशीही दिसो, त्या बिचाऱ्या जिवाच्या दृष्टीने ती मोठीच सुधारणा होती. आपल्या कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून हरणांची शिकार करवत, तेव्हा गाडीवर बसवलेल्या चित्त्याचेही डोळे असेच झाकलेले असत. सावज टप्प्यात आलं की ते उघडायचे. आधी दाखवायचं नाही, हे तत्त्व सगळीकडे एकच.

फ्रेडरिकची गोष्ट इथे संपत नाही. १२४८ साली त्याने पार्मा शहराला वेढा घातला होता. वेढ्यासाठी लाकडी गावच वसवलं आणि विजयाची खात्री इतकी, की त्याचं नावही ‘विजय’ या अर्थाचं ठेवलं. फेब्रुवारीतल्या एका सकाळी स्वारी ससाणे घेऊन शिकारीला गेली. मागे पार्माच्या लोकांनी छापा घातला, छावणी जाळली, खजिना लुटला, मुकुट नेला आणि तो शिकारीचा देखणा ग्रंथही नेला. कॅशियर चहाला गेला म्हणून तिजोरी लुटली गेल्याचं याहून मोठं उदाहरण इतिहासात सापडायचं नाही. पुढे त्याचा मुलगा मॅनफ्रेड याने ग्रंथाची नवी सचित्र प्रत तयार करवली. ती आजही जपून ठेवलेली आहे. कुठे? व्हॅटिकनच्या ग्रंथालयात. बापाला बहिष्कृत करणाऱ्या पोपांच्याच घरी!

नग तिसरा : पायबंद. पक्ष्याच्या दोन्ही पायांना चामड्याच्या दोन पट्ट्या, त्यांना एक फिरती कडी, कडीला लांब वादी आणि वादी बांधायची बसायच्या दांडीला, म्हणजे अड्ड्याला. हो, हिंदीत पक्ष्याच्या दांडीलाच अड्डा म्हणतात. पत्त्यांचा अड्डा आहे तसाच, एकदा बसलं की उठवत नाही. फिरती कडी अशासाठी, की पक्षी गरगरला तरी वादीला पीळ पडू नये.

मी ही यादी रात्री जेवताना सौ.ला वाचून दाखवत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “अहो, एवढं सगळं घालायचं, बांधायचं आणि मग सोडूनच द्यायचं? मग बांधायचं कशाला?”

प्रश्न साधा होता, पण माझ्या सगळ्या रजिस्टरला त्याने एका वाक्यात लाल शेरा मारला. कारण खरोखरच शिकारीची वेळ आली की टोपी काढतात, कडी काढतात, वादी काढतात. काढावीच लागते. वादी आणि कडीसकट पक्षी निसटला तर ती वादी कुठल्यातरी उंच झाडाच्या फांदीत अडकते आणि पक्षी उलटा लटकून मरतो. जे घरात त्याला जपतं, तेच रानात त्याचा फास होतं. पायबंदाच्या पट्ट्यांना असलेली नुसती चीरसुद्धा काटकीत अडकू शकते, म्हणून विसाव्या शतकात गाय एल्मर नावाच्या इंग्रज मेजरने उडवताना बदलता येणाऱ्या पट्ट्या काढल्या. आज जगभर त्या त्याच्याच नावाने ओळखतात. पायबंद घालणारे इतिहासात खंडीभर झाले. पायबंद सुखाने सुटावा म्हणून डोकं चालवणारा हा एक निघाला.

नग चौथा : घुंगरू. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, यावर उंदरांची सभा अजून चालू आहे. ससाण्याच्या पायात घुंगरू मात्र माणसाने कधीच बांधलं. पक्षी सावज घेऊन झुडपात उतरला की दिसत नाही. तो पिसं उपटू लागला की घुंगरू वाजतं आणि मालक तिकडे धावतो. १४८६ साली छापलेल्या ‘सेंट अल्बन्सच्या पुस्तका’त घुंगरांवर बारकाईने लिहिलेलं आहे. दोन पायांच्या घुंगरांचा सूर एक नसावा, अर्ध्या स्वराचा फरक असावा, म्हणजे आवाज लांबवर पोचतो. इटलीतल्या मिलानची घुंगरं एके काळी सर्वांत चांगली मानत, हेही त्यात आहे. पुढच्या काळात आपल्याकडच्या लाहोरच्या घुंगरांना इंग्रज शिकारी नावाजत. एका घुंगराने भागत असताना दोन सुरांत लावणारी माणसं मला मनापासून आवडतात. हिशेबात न बसणारा हा खर्च आहे, पण ऐकायला बरा.

याच पुस्तकात कुणाला कुठला पक्षी शोभतो याची यादी आहे. सम्राटाला गरुड, राजाला मोठा जिरफाल्कन, असं करत करत खाली धर्मगुरूला चिमणीमार ससाण्याची मादी. आणि अगदी तळाशी, चर्चमध्ये तीर्थाचं भांडं सांभाळणाऱ्या क्लार्कला त्याच चिमणीमाराचा नर, जो मादीहूनही लहान असतो. वाचकहो, क्लार्कची जागा पंधराव्या शतकातही ठरलेली होती! ही यादी म्हणजे काही कायदा नव्हता, गमतीचा भाग त्यात बराच आहे. पण पगारश्रेणी वाचायची सवय असलेल्या माणसाला ती लगेच कळते. समाधान एवढंच, की त्या लहानग्या नराच्या ‘मस्केट’ या नावावरूनच पुढे बंदुकीला मस्केट म्हणू लागले. क्लार्कच्या पाखराने अखेर आवाज काढला.

नग पाचवा : नावाची पट्टी. बांधून सोडलेला पक्षी परत येईलच याची खात्री मालकालाही नसते. मार्को पोलो सांगतो, की कुबलाई खानाच्या दरबारी सरदारांच्या ससाण्यांच्या पायाला मालकाचं आणि सांभाळणाऱ्याचं नाव कोरलेली चांदीची छोटी पट्टी असे. आणि ज्याचा मालक लगेच सापडत नाही असा पक्षी एका खास अधिकाऱ्याकडे जमा करायचा. बेवारशी वस्तू सांभाळणं हेच त्याचं काम. त्याचा तंबू नेहमी उंचावर, निशाण लावून, म्हणजे शोधणाऱ्याला लांबून दिसावा. हे वाचून मी भारावून गेलो. आमच्याकडे बेवारशी रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाकतात आणि ते खातं कुठे आहे हे कुणाला लांबूनच काय, जवळूनही दिसत नाही.

इंग्लंडात चौदाव्या शतकात, तिसऱ्या एडवर्डच्या काळात, याचा रीतसर कायदा झाला. सापडलेला ससाणा शेरीफकडे द्यायचा. शेरीफने गावोगाव दवंडी पिटायची. चार महिन्यांत मालक आला नाही तर पक्षी सापडणाऱ्याला मिळायचा, पण तो खानदानी असेल तरच! साधा माणूस असेल तर पक्षी शेरीफकडे आणि त्या माणसाला नुसता खर्च. प्रामाणिकपणाचं बक्षीस कुणाला किती द्यायचं, याचा नियम सरकारने तेव्हाही विचार करूनच केलेला होता.

एवढी कडक व्यवस्था कशासाठी? तर हा पक्षी म्हणजे चलनच होता. १५३० साली सम्राट पाचव्या चार्ल्सने माल्टा बेट सेंट जॉनच्या सरदारांना दिलं, त्याचं वर्षाचं भाडं होतं एक ससाणा. अख्ख्या बेटाचं! आणि अकबराच्या दरबारात, ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलने नोंदवल्याप्रमाणे, बाजाच्या मांसाचा शिधा तोलायचा तो दाम या तांब्याच्या नाण्यांनी. बाजाला सात दाम, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम. ‘दाम करी काम’ ही म्हण इतक्या तंतोतंत अर्थाने दुसरीकडे कुठे लागू पडली असेल असं वाटत नाही. कारण हीच तर या सगळ्याची किल्ली आहे. ससाणा कुत्र्यासारखा मालकावर जीव टाकत नाही. पोट गच्च भरलेलं असेल तर तो झाडावर बसून तुमच्याकडे बघतो आणि खाली येत नाही. फार उपाशी ठेवला तर उडायची ताकद उरत नाही. म्हणून आजही या छंदातलं सर्वांत महत्त्वाचं सामान म्हणजे तराजू. रोज पक्षी तोलायचा आणि दहा-वीस ग्रॅम इकडे की तिकडे, यावर ठरवायचं की आज सोडायचा की नाही.

आणि आता नग सहावा, ज्यासाठी मी इतकी पानं उलटली. नव्या पक्ष्याला शिकवताना त्याला एकदम मोकळा सोडत नाहीत. पायाला एक बारीक लांबलचक दोरी बांधतात आणि पंखांचं नकली पाखरू मांसाचा तुकडा लावून गरगर फिरवतात. पक्षी आधी दोन हातांवरून येतो, मग दहा, मग पन्नास. रोज दोरी थोडी थोडी वाढवत न्यायची. या दोरीला इंग्रजीत ‘क्रिअन्स’ म्हणतात. शब्द जुन्या फ्रेंचमधला. अर्थ काय? विश्वास. उधारी. आमच्या ‘क्रेडिट’ शब्दाचं आणि त्याचं मूळ एकच!

मी पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो. इतकी वर्षं क्रेडिट, क्रेडिट म्हणत लेजरची पानं भरली, पण तो शब्द एका पक्ष्याच्या पायात दोरी होऊन बसला असेल, हे बी.कॉम.च्या कुठल्या पुस्तकात नव्हतं. सौ.च्या प्रश्नाचं उत्तरही त्या दोरीतच होतं. बांधायचं ते पक्षी आपला व्हावा म्हणून नव्हे. तो कधीच आपला होत नाही. बांधायचं ते सोडायचं धाडस आपल्याला व्हावं म्हणून. दोरी जितकी पक्ष्यासाठी असते, तितकीच माणसाच्या काळजासाठी. मग एक दिवस असा येतो, की दोरी काढावी लागते. त्या दिवशी हातात उरतो नुसता मोजा आणि लांब जाणाऱ्या घुंगरांचे दोन सूर. तो पक्षी गेला तर गेला. अनेक गेले. हातावर तुरी देणं म्हणजे काय ते अशा माणसाने सांगावं.

बँकेत आम्ही काय करतो? काऊंटरवरचं पाच रुपयांचं पेन सुतळीने बांधून ठेवतो आणि लाखांची कर्जं सहीवर सोडतो. लोक त्या सुतळीला हसतात. मला आता वाटतं, ती सुतळी आमच्या धीरासाठी असावी. काहीतरी बांधलेलं आहे, एवढं डोळ्यांना दिसलं की बाकीचं सोडायला हात धजावतो.

काळ बदलला तसं सामानही बदललं. हल्ली पक्ष्याच्या अंगावर छोटं प्रेषक यंत्र लावतात, तो कुठे आहे हे फोनवर दिसतं. संयुक्त अरब अमिरातीत ससाण्यांना स्वतःचे पासपोर्ट आहेत आणि अबू धाबीत १९९९ साली त्यांच्यासाठी खास इस्पितळ निघालं. युनेस्कोने २०१० साली ही कला जगाच्या वारशात नोंदवली ती ११ देशांच्या नावे. २०२१ पर्यंत त्यांची संख्या २४ झाली. त्यांत भारत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा हा प्रकार संपला आणि रानातून पक्षी पकडणंही गुन्हा ठरला. ते योग्यच झालं. बहिरी ससाण्याची जागा आकाशात आहे. पण टोपी शिवणारे, घुंगरू सुरात लावणारे, रात्र रात्र नव्या पक्ष्याला हातावर घेऊन जागणारे हात आपल्याकडे होते, एवढी नोंद तरी कुठेतरी असावी, म्हणून हे रजिस्टर.

आणि ते यंत्रसुद्धा पक्षी कुठे आहे एवढंच सांगतं. येणार की नाही, हे सांगत नाही. तिथे राजा फ्रेडरिकच्या वेळी होतं तेच आहे. मोजा घातलेला हात वर धरून माणूस माळावर उभा राहतो आणि आकाशाकडे बघतो.

यादी पूर्ण झाली. मोजा, टोपी, पायबंद, घुंगरू, पट्टी, दोरी, सगळे नग जागच्या जागी. फक्त ससाणा कुठे लिहावा हे बराच वेळ ठरेना. डेडस्टॉक तर तो नव्हेच आणि मालमत्ता म्हणावं तर तो कुणाची झालेला नाही. शेवटी हिशेबाच्या वहीतलं एक जुनं सदर आठवलं आणि त्यात त्याचं नाव घातलं : ‘येणे’.